ब्रिग म्हणजे जहाज की जहाजावरची कोठडी?

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी मी पोरांना गोष्ट सांगतो. दहाबारा जण असतात, दुसरी ते सातवीतले. सध्या समुद्रसफरीची एक जुनी इंग्रजी गोष्ट चालू आहे. मी आदल्या रात्री वाचतो आणि सकाळी पुस्तक हातात न घेता आपल्या मराठीत सांगतो. तर गोष्टीतला पोरगा ज्या जहाजावर चढतो ते 'ब्रिग' असतं. मी सांगितलं ब्रिग म्हणजे शिडाचं जहाज, पोरांनी वहीत चित्रंही काढली. काल गोष्टीत कप्तान चिडतो आणि एका खलाशाला 'ब्रिगमध्ये टाका' म्हणतो, आणि मी बोलायच्या भरात तसंच्या तसं म्हणून गेलो. तिसरीतली एक मुलगी लगेच उठली, "काका, पण सगळे ब्रिगमध्येच आहेत ना? मग त्याला अजून कुठे टाकणार?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन डिक्शनरी बघितली तर दोन्ही अर्थ दिलेत, दोन डोलकाठ्यांचं जहाज आणि जहाजावरचा तुरुंग. पण एकाचा दुसरा कसा झाला ते काही त्यात नाही, आणि येत्या रविवारी ती पोरगी विचारल्याशिवाय राहणार नाही. शिवाय मराठीत या दोन्हीला काय म्हणू? शब्द असा हवा की आठ वर्षांच्या मुलीला ऐकता ऐकता कळला पाहिजे, फोड करून सांगायला लागू नये.

मिसळ_आणि_मी (सोमवार, रात्री १०:२०)

पोरगी हुशार आहे. तिला आधी एक मिसळ द्या, कमी तिखटाची.

धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

इंजिनरूम (सोमवार, रात्री ११:०५)

३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता कॉलेज रोडला स्थायिक. शिडाच्या जहाजावर नोकरी केली नाही पण ट्रेनिंगच्या वेळी रिग (डोलकाठ्या आणि शिडांची मांडणी) शिकवायचे तेवढं पक्कं डोक्यात आहे म्हणून जहाजाच्या अर्थाबद्दल सांगतो.

ब्रिग हे नाव जहाजाच्या आकारावरून नाही पडलेलं, शिडं कशी लावलीत त्यावरून पडलंय, हे आधी लक्षात घ्या. दोन डोलकाठ्या, आणि दोन्हींवर चौकोनी शिडं, जहाजाच्या आडवी. पोरांना सांगायचं तर गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू आडवा टांगला आणि त्यावर चादर वाळत घातली की कशी वाऱ्याने फुगते, तसं. एका डोलकाठीवर अशा तीनचार चादरी एकावर एक, वरची लहान होत जाणारी. आणि मागच्या डोलकाठीला याखेरीज एक उभं शीड असतं, ते दार उघडमिट केल्यासारखं डावी-उजवीकडे फिरतं, त्याने जहाज वळवायला मदत होते. पुढच्या डोलकाठीवर चौकोनी आणि मागच्या मुख्य डोलकाठीवर फक्त दारासारखं फिरणारं असेल तर ती झाली ब्रिगँटाइन. लोक या दोघींत फार गल्लत करतात.

ब्रिग चपळ असायची, पटकन वळायची, म्हणून आरमारवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना दोघांनाही आवडायची. पण एवढी शिडं वर चढून सोडायची आणि गुंडाळायची म्हणजे माणसं भरपूर लागणार, जहाजाच्या मानाने फारच. पुढे कमी माणसांत चालणारी जहाजं आली तशी ब्रिग मागे पडली.

डार्विन ज्या बीगल जहाजातून फिरला ते १८२० साली पाण्यात सोडलं तेव्हा दोन डोलकाठ्यांची ब्रिगच होतं. डार्विन चढायच्या आधी त्याला तिसरी डोलकाठी बसवली, मग ते ब्रिग राहिलं नाही, बार्क झालं. बुडाचं लाकूड तेच, फक्त एक काठी वाढली आणि जात बदलली.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:४८)

@इंजिनरूम चादरीचं उदाहरण जबरदस्त. सध्याच्या जहाजांवर असते का अशी कोठडी? अंबडला शिफ्टवर आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचतोय.

सप्तशृंगी_पायथा (मंगळवार, सकाळी ७:०३)

मला वाटतं हा शब्द आपल्या 'भृगु' वरून गेला असावा. भृगुकच्छ म्हणजे भरूच, केवढं मोठं बंदर होतं, तिथून जहाजं परदेशात जायची. भृगु, ब्रिगु, ब्रिग. अभ्यासकांनी प्रकाश टाकावा.

शब्दवेडा (मंगळवार, सकाळी ९:३१)

@सप्तशृंगी_पायथा भरूच मोठं बंदर होतं यात वादच नाही, ग्रीक लोक त्याला बारिगाझा म्हणायचे. पण ब्रिगचा भृगुशी संबंध नाही, त्याचा माग दुसरीकडे स्पष्ट सापडतो आणि तोही आपल्या नाशिकच्या दारात येऊन थांबतो बघा.

इटालियनमध्ये 'ब्रिगा' म्हणजे भांडण, झगडा. त्यावरून 'ब्रिगांते', लढणारा, पुढे पुढे लुटारू. हे लुटारू भूमध्य समुद्रात वल्ह्यांनी आणि शिडांनी चालणाऱ्या ज्या हलक्या वेगवान होड्या वापरायचे ती 'ब्रिगांतिनो'. ती इंग्रजीत गेली आणि ब्रिगँटाइन झाली. मग अठराव्या शतकात बोलता बोलता लांब नावाचं तोंडी लघुरूप झालं, ब्रिग. आणि त्याच घरातली दुसरी लेक म्हणजे 'ब्रिगाता', माणसांची टोळी, तुकडी. तिच्यावरून ब्रिगेड. आणि ब्रिगेडवरून ब्रिगेडियर! म्हणजे देवळाली कँपात ज्यांच्या गाडीला कडक सलाम ठोकतात ते ब्रिगेडियरसाहेब, इंग्रजीतला दरोडेखोर 'ब्रिगँड', आणि गोदाकाठ यांच्या गोष्टीतलं जहाज, हे सगळे शब्द एका आजीची नातवंडं आहेत.

गंमत पुढे आहे. ब्रिग हे ब्रिगँटाइनचंच लघुरूप, पण पुढे दोघी वेगळ्या जहाजांची नावं झाल्या, इंजिनरूम यांनी फरक सांगितलाच. हे विचित्र वाटलं तर आपली रिक्षा आठवा. मूळ जपानी शब्द जिनरिक्शा, जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. माणसाने ओढायची गाडी. शब्द तोकडा झाला आणि त्यातला माणूसच गळून पडला, आणि आता नाशिकरोड स्टेशनबाहेर उभी असते तिला ओढायला माणूस लागतच नाही, सीएनजी लागतो. शब्द कापला की त्याला पाय फुटतात.

सप्तशृंगी_पायथा (मंगळवार, सकाळी ९:४४)

पटलं. रिक्षाचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

देवळालीकर (मंगळवार, दुपारी १:१५)

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे, पण जहाजाची वाट बघून बघून आमच्या देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिलाय. 'डूलाली'. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचं डोकं फिरलं की 'गॉन डूलाली' म्हणतात. १८६१ पासून इथे गोऱ्या शिपायांचा ट्रान्झिट कँप होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे आणून ठेवायचे आणि मायदेशी नेणारं जहाज लागलं की मुंबईला पाठवायचे. पण ही जहाजं वर्षभर नसायची, फक्त थंडीच्या मोसमात. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो बसला इथेच, काम नाही धाम नाही, ऊन, दारू आणि मारामाऱ्या. लोकांची डोकी फिरायची. त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप!

माझ्या आजोबांचं कँपात किराणा दुकान होतं. त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं ते सांगायचे की गोरा शिपाई दुकानात आला की आधी 'जहाज कधी' एवढंच विचारायचा, जणू आम्हालाच माहीत.

माझं म्हणणं एवढंच की जमिनीवरची जागासुद्धा जहाजाचा तुरुंग होऊ शकते. ते शिपाई कैदी नव्हते, पण सुटलेही नव्हते.

मिसळ_आणि_मी (मंगळवार, दुपारी १:४०)

देवळालीकर, शेवटच्या वाक्यासाठी एक मिसळ तुम्हालाही.

जुनी_जहाजं (मंगळवार, रात्री ९:२२)

मूळ प्रश्नाकडे येतो, जहाजाचा तुरुंग कसा झाला.

नेहमी सांगतात ते असं की ब्रिग जातीची छोटी जहाजं कैदी ठेवायला आणि न्यायला वापरली जायची, म्हणून 'ब्रिगवर टाकला' म्हणजे तुरुंगात टाकला, आणि मग तो शब्द कुठल्याही जहाजावरच्या कोठडीला चिकटला. हा अर्थ अमेरिकन आहे, एकोणिसाव्या शतकातला. ब्रिटिश आरमारात सरळ 'सेल्स' म्हणतात. अमेरिकन आरमारात तर आता जमिनीवरच्या लष्करी तुरुंगालाही ब्रिगच म्हणतात, जवळपास पाणी असो नसो.

कैद्यांची जहाजं हा फार काळा इतिहास आहे. इंग्लंड आपले गुन्हेगार अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये पाठवायचं. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, रस्ता बंद झाला, इकडे तुरुंग भरले. मग १७७६ मध्ये कायदा करून थेम्स नदीत जुन्या जहाजांवर कैदी ठेवायला लागले, तात्पुरतं म्हणून. डोलकाठ्या काढलेली, सुकाणू नसलेली जहाजं, त्यांना 'हल्क' म्हणायचे. दिवसा कैद्यांनी वुलिचला किनाऱ्यावर मजुरी करायची आणि रात्री खाली कोंदट अंधारात साखळीत. दोन वर्षांसाठी काढलेला कायदा, पण हल्क चालले १८५७ पर्यंत, ऐंशी वर्षं.

आणि त्याच युद्धात न्यूयॉर्कच्या बंदरात इंग्रजांनी अमेरिकन कैदी अशाच जहाजांवर कोंडले. त्यातलं 'जर्सी' सगळ्यात कुप्रसिद्ध. रोज सकाळी वरून ओरडायचे, मेलेले वर आणा. या सगळ्या कैदी-जहाजांवर मिळून साधारण ११,५०० माणसं मेली असा अंदाज सांगतात, म्हणजे त्या युद्धातल्या लढायांमध्ये मेले त्यापेक्षा जास्त. ब्रुकलिनमध्ये त्यांच्यासाठी १९०८ साली उंच स्तंभ उभारलाय, त्याच्याखाली किनाऱ्यावर सापडलेली हाडं ठेवलीत.

शब्दवेडा (मंगळवार, रात्री १०:१०)

@जुनी_जहाजं माहिती उत्तम पण इथे एक गाठ आहे. तुम्ही सांगितलेलं जर्सी हे ब्रिग नव्हतं, ६० तोफांचं मोठं लढाऊ जहाज होतं. थेम्सवरचे हल्कही मोठीच जहाजं. मग कैदी-जहाजांवरून शब्द आला म्हणायचं तर तो 'हल्क' यायला हवा होता. त्यामुळे ब्रिग आणि हल्क एका पिशवीत घालू नका. हल्क म्हणजे सगळं जहाजच तुरुंग. ब्रिग म्हणजे चालत्या जहाजाच्या पोटातली एक खोली. पोरांना हा फरक आधी सांगायला हवा, व्युत्पत्ती नंतर.

जुनी_जहाजं (मंगळवार, रात्री १०:४१)

हा मुद्दा मान्य, मी दोन्ही एका दमात लिहायला नको होतं. पण छोट्या ब्रिगवरून कैदी ने-आण करायचे हे खरं आहे, आणि बोलीत शब्द येतो तो रोज डोळ्यासमोर असलेल्या गोष्टीवरून येतो, सगळ्यात मोठ्या गोष्टीवरून नाही. तुरुंगाच्या गाडीवरून नाही का कुणी म्हणत, 'गाडीत घातला'?

आणि आता एक गोष्ट सांगतो जी गोदाकाठ यांच्या त्या मुलीने ऐकायलाच हवी, थोडी मोठी झाल्यावर. १८४२ मध्ये अमेरिकन आरमाराचं 'सॉमर्स' नावाचं जहाज होतं. जातीने ब्रिग. लांबी जेमतेम शंभर फूट आणि त्यात साधारण १२० माणसं, त्यातली बरीचशी शिकायला आलेली पोरं. परतीच्या प्रवासात कप्तानाला संशय आला की फिलिप स्पेन्सर नावाचा १९ वर्षांचा शिकाऊ अधिकारी बंड करून जहाज ताब्यात घ्यायच्या बेतात आहे. त्याला आणि आणखी दोघांना पकडलं. पण ठेवायचं कुठे? एवढ्या ठासून भरलेल्या जहाजावर कोठडीच नव्हती. म्हणजे ब्रिग होती पण ब्रिगवर ब्रिग नव्हती. मग त्यांना बेड्या घालून उघड्या डेकवर सगळ्यांच्या समोर बसवलं. येणारा जाणारा खलाशी बघतोय, कुजबुजतोय, अधिकाऱ्यांना वाटतंय हे सोडवायला येणार. पकडापकडी वाढली. आणि रीतसर खटला न चालवता १ डिसेंबर १८४२ ला तिघांना डोलकाठीच्या आडव्या काठीवर फाशी दिलं. तो स्पेन्सर अमेरिकेच्या तेव्हाच्या युद्धमंत्र्याचा मुलगा होता. देशभर गदारोळ झाला, कप्तान सुटला. पण पोरांना असं थेट जहाजावर टाकून शिकवायचं हे चूक आहे हे लोकांना पटलं आणि १८४५ मध्ये ॲनापोलिसला त्यांची नेव्हल अकॅडमी निघाली, त्यामागे या प्रकरणाचा मोठा हात आहे.

मला नेहमी वाटतं, दार असलेली एक खोली असती त्या जहाजावर, तर ती तीन माणसं कदाचित जिवंत किनाऱ्याला लागली असती. कोठडी ही फक्त शिक्षा नसते, कधी कधी सगळ्यांना शांत व्हायला मिळालेला वेळ असतो.

आजीची_शाळा (बुधवार, सकाळी ६:३०)

काल रात्री वाचलं आणि झोप लागेना. बाळांनो, फाशीची गोष्ट तिसरीच्या मुलीला सांगू नका हं. ३४ वर्षं शिकवलंय म्हणून सांगते. कोठडी नव्हती म्हणून डेकवर बांधून ठेवलं, इथपर्यंत सांगा, पुरे.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ८:१२)

बाई, नक्की. तेवढंच सांगेन. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मराठी शब्दाचं मात्र कुणीच बोललेलं नाही अजून.

इंजिनरूम (बुधवार, सकाळी ११:५०)

@रात्रपाळी तुमचं उत्तर राहिलं. मालवाहू जहाजावर कोठडी नसते. क्रूझवर असते, दारू पिऊन दंगा करणाऱ्यांसाठी. आमच्या जहाजावर एकदा बंदर सोडून दोन दिवस झाले आणि मागच्या बाजूला दोराच्या स्टोअरमध्ये दोन मुलं सापडली, लपून आलेली. विशीचीही नसतील. ओठ फुटलेले, पाण्याविना. कप्तानाने रिकामी केबिन दिली, बाहेरून कडी, दाराशी आळीपाळीने माणूस. दहा दिवस होती. कुक मुद्दाम त्यांच्यासाठी मऊ भात करायचा. आमच्यासाठी ती पाहुण्यांची केबिन, त्यांच्यासाठी तुरुंग. पुढच्या बंदरात अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं तेव्हा त्यातल्या लहान्याने त्या केबिनची कडी एकदा हात लावून बघितली, का ते मला आजही सांगता येणार नाही. तुमच्या धाग्यामुळे वीस वर्षांनी आठवला तो.

अमेरिकन आरमारात ब्रिगमध्ये तीन दिवस नुसता पाव आणि पाणी अशी शिक्षा होती, ती २०१९ पासून बंद झाली. २०१९! म्हणजे परवापरवापर्यंत.

हर्णैची_लेक (बुधवार, दुपारी ३:२५)

माहेर हर्णै, सासर पंचवटी. शब्दांसाठी आले आहे.

आमच्याकडे नुसतं 'जहाज' कोणी म्हणत नव्हतं. मचवा वेगळा, पडाव वेगळा, गलबत वेगळं, शिबाड वेगळं. आजोबा बंदरावर उभे राहून लांबून शीड बघून सांगायचे कुणाचं काय येतंय ते, आणि जहाज गावच्या बंदरचं नसेल तर तेही. ब्रिगला एकच मराठी शब्द हवा असेल तर माझं मत 'गुराब'. शिवाजी महाराजांच्या आणि आंग्र्यांच्या आरमारात गुराब होत्या, दोन डोलकाठ्यांच्या, काही तीनच्या, तोफा असलेल्या. ब्रिग पण दोनच काठ्यांची ना? मग झालं की.

शब्दवेडा (बुधवार, दुपारी ४:०२)

ताई, गुराब हा शब्द मला फार प्रिय आहे तरी इथे विरोध करतो. गुराबची ओळख तिच्या नाळेवरून, पुढचा भाग लांब, खाली झुकलेला, टोकदार. 'गुराब' मूळ अरबी, अर्थ कावळा. म्हणजे ते नाव रूपावरून पडलं. ब्रिगचं नाव शिडांवरून. काठ्या दोन एवढ्यावरून एक म्हणणं म्हणजे दोन चाकं आहेत म्हणून सायकलला टांगा म्हणण्यासारखं होईल. आणि इंग्रजांनीही गुराबला ब्रिग म्हटलं नाही, 'ग्रॅब' म्हटलं, आपल्या गलबताला 'गॅलिव्हॅट' म्हटलं. त्यांना आपलं जहाज वेगळं दिसलं म्हणून त्यांनी आपला शब्द उचलला. मग आपणही त्यांच्या जहाजाला त्यांचाच शब्द का ठेवू नये? 'ब्रिग' म्हणा, आणि सांगा दोन डोलकाठ्यांचं.

हर्णैची_लेक (बुधवार, दुपारी ४:३०)

नाळ माहीत आहे हो मला, आमच्या घराच्या मागे नाळच दिसायची. पण त्या पोरांना कान्होजी आंग्रे माहीत असतील आणि ब्रिग नाही. ओळखीच्या शब्दावरून अनोळखी वस्तूकडे नेता येतं, उलटं नाही. शिकवणाऱ्या बाई इथे आहेत, त्यांनी सांगावं.

आजीची_शाळा (बुधवार, सायंकाळी ५:१५)

दोघंही बरोबर. आधी गुराब दाखवावी, मग म्हणावं ही तिची लांबची इंग्रज बहीण, हिचं नाव ब्रिग, हिची नाळ वेगळी, शिडं वेगळी. मुलांना बहिणी लगेच कळतात.

देवळालीकर (बुधवार, सायंकाळी ५:२०)

+१ बाईंना.

भगूर_नाका (बुधवार, रात्री ८:४५)

सगळं वाचलं. आश्चर्य वाटलं की नाशिकचे एवढे लोक जहाजावरच्या कैदेबद्दल बोलतायत आणि भगूरचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या घरापासून सावरकर वाडा चालत पाच मिनिटं.

१९१० मध्ये सावरकरांना लंडनहून 'मोरिया' बोटीने हिंदुस्थानात आणत होते. ती प्रवासी बोट. तिच्यावर पहाऱ्यात ठेवलेलं, सतत पोलीस सोबत. ८ जुलैच्या सकाळी मार्सेलिसला बोट उभी असताना ते संडासात गेले आणि भिंतीतल्या गोल खिडकीतून, पोर्टहोलमधून, अंग सोलवटत बाहेर पडले आणि समुद्रात उडी घेतली. धक्क्यावर चढले, पळाले. फ्रेंच पोलिसाने पकडलं आणि परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या देशाच्या जमिनीवर पकडलेला माणूस असा देता येतो का यावर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये हेगला खटला चालला, आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ४ जुलैला 'महाराजा' बोटीने त्यांना अंदमानात नेलं. नाशिकच्या कित्येक घरांनी त्या काळात अशी बोट बघितली किंवा बघायला लागू नये म्हणून प्रार्थना केली.

आता शब्दाचं. तुम्ही मराठी शब्द शोधताय, आणि जहाजाच्या शब्दाचा तुरुंग कसा झाला म्हणून नवल करताय. आपल्याकडे तर त्याहून मोठं झालंय. 'काळं पाणी'. आधी तो समुद्रच होता, ओलांडला की जात जायची असा खोल समुद्र. मग १८५८ पासून अंदमानात कैदी जायला लागले आणि काळं पाणी म्हणजे शिक्षा झाली. 'काळ्या पाण्यावर गेला' म्हटलं की आमच्या पणजीच्या पिढीला पाणी दिसायचंच नाही, कोठडी दिसायची. इंग्रजांच्या एका जहाजाचा तुरुंग झाला, आपल्या तर अख्ख्या समुद्राचा.

जुनी_जहाजं (बुधवार, रात्री ९:०८)

भगूर_नाका, धाग्याला जे हवं होतं ते तुम्ही दिलंत.

शब्दवेडा (बुधवार, रात्री ९:३०)

'काळं पाणी' माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जागेचं नाव तुरुंगाचं नाव होणं तर आपल्याकडे चालूच असतं, 'येरवड्याला पाठवा याला' म्हणतात तेव्हा पुण्याचा पत्ता कुणाच्या मनात नसतो.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११:५५)

आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, 'नाशिकरोडला लागला' म्हणजे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी, आणि 'नाशिकरोडला गेला' म्हणजे सेंट्रल जेल. फक्त एका क्रियापदाचा फरक. लग्न ठरवताना नीट ऐकायचं 😀

मिसळ_आणि_मी (गुरुवार, सकाळी ८:००)

रात्रपाळी 😂😂 वाचनखूण साठवली.

जुनी_जहाजं (शुक्रवार, रात्री १०:१५)

अवांतर, पण हर्णैच्या ताईंना आवडेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात सोडलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. आणि आपल्या शेजारी ब्रह्मदेशातल्या सागवानाचं, १८४० चं 'सक्सेस' नावाचं जहाज मेलबर्नला नेऊन कैद्यांचं हल्क केलं. पुढे मालकांनी ते गावोगाव प्रदर्शन म्हणून फिरवलं, १७९० चं आहे आणि याच्यातून गुन्हेगार ऑस्ट्रेलियाला आणले अशी साफ खोटी जाहिरात करत. लोक तिकीट काढून कोठड्या बघायचे. १९४६ मध्ये अमेरिकेत जळालं.

हर्णैची_लेक (शुक्रवार, रात्री १०:४०)

तेच सागवान, एकाचं म्युझियम, एकाचा तुरुंग. उद्या माहेरी फोन करून सांगते आजोबांना, ९१ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं पण जहाजाचं म्हटलं की ऐकू येतं.

गोदाकाठ (रविवार, दुपारी १२:३५)

मंडळी, सांगायला आलो.

आज सतरा पोरं होती, दोन आजोबा पण येऊन बसले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी गुराब काढली फळ्यावर, तिची नाळ, मग शेजारी ब्रिग. चादरीसाठी गच्चीवरचीच दोरी सोडली आणि एका बांबूला खरोखरची चादर बांधली, वारा चांगला होता, फुगली. पोरांनी ती अर्धा तास सोडली नाही. जहाजाला 'ब्रिग'च म्हटलं. तुरुंगाला मात्र 'जहाजावरची कोठडी' म्हटलं, साधंच, आणि सांगितलं की इंग्रजी बोलणारे अमेरिकन खलाशी तिलाही ब्रिग म्हणतात कारण आधी अशा छोट्या जहाजांवर कैदी न्यायचे. हल्कचं थोडं सांगितलं. सॉमर्सचं डेकपर्यंत. शेवटी मोरियाचं. भगूर बहुतेकांना माहीत होतं, शाळेची सहल जाते, पण बोटीचं ऐकलेलं नव्हतं. अगदी शांत बसली होती.

त्या मुलीने जुनं चित्र फाडलं नाही, त्यातच जहाजाच्या पोटात एक चौकोन काढला आणि दार केलं. मग विचारलं, "काका, कोठडीला खिडकी असते का? केवढी?" मी म्हटलं विचारून सांगतो. @इंजिनरूम, आहात का?

इंजिनरूम (रविवार, दुपारी १:१०)

आहे. शिडाच्या जहाजावर तळाला कोठडी असेल तर खिडकी नसायची, अंधारच. प्रवासी बोटीवर गोल खिडकी, जाड काचेची, पितळेची चौकट आणि आवळायचे स्क्रू. साधारण फूटभर, फार तर सव्वा फूट. ताटली ठेवून पेन्सिल फिरवा म्हणावं, भाजीच्या वाटीपेक्षा मोठी आणि जेवणाच्या ताटापेक्षा लहान.

गोदाकाठ (रविवार, दुपारी १:२२)

तिच्या आईला फोन केला. घरातून ताटली आणली म्हणे, आणि धाकट्या भावाला सांगतेय त्यातून डोकं जातं का बघ.